नामाच्या गेटपासवर

कोंडू टेका लावला की लगेच तिथून हलायचा नाही. हातोडीच्या मागच्या अंगाने त्याला दोन ठिकाणी हलकेच ठोकायचा आणि कान जवळ न्यायचा. आवाज भरीव आला तर पुढच्या टेक्याकडे जायचा. पोकळ आला तर खालची फळी काढून, माती सारखी करून, टेका परत बसवायचा. स्लॅब ओतला की ओल्या काँक्रीटचं सगळं वजन या टेक्यांवर येतं. "वरच्याला सगले बघतात, दादा," तो मला म्हणाला होता, "खाली कोन हाय ते पडल्यावर कळतं."

हे २०११ साली. मी भातसानगरच्या धरणावर पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हजेरी कारकून होतो. निवृत्त होऊन गावी आलो आणि विहारामागच्या जुन्या घरावर स्लॅब टाकला. त्याचं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा लाकडी-लोखंडी सांगाडा, कोंडूने केलं. तेव्हापासून आमची ओळख वाढली. आमचं गाव टोकावड्याच्या रस्त्यापासून आत चालत अर्ध्या तासावर. त्याचं घर वरच्या आळीत, माझं खालच्या. मला लिहायची सवय नाही. नोकरीत नावं आणि खुणा लिहिल्या तेवढंच. त्यामुळे हे नीट जमेल असं वाटत नाही, पण कोंडूबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं क्रमाने सांगतो.

कोंडू सातवीपर्यंत शिकला. बापाची दीड एकर भातशेती, त्यात चार तोंडं. सोळाव्या वर्षी तो गावातल्या माणसांबरोबर कल्याणला विटा उचलायला गेला. दोन वर्षांनी एका तेलुगू मिस्त्रीने त्याला सेंट्रिंगवर घेतलं, कारण हा पोरगा काही बोलत नाही आणि सांगितलेलं विसरत नाही. पंचविशीत तो स्वतः मिस्त्री झाला. पण ठेकेदारी त्याने कधी केली नाही. त्यासाठी बोलावं लागतं.

बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. सकुबाई शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या पलीकडची. ती सांगते, "लगीन झाल्यावर तीन दिस मला वाटलं, बापानं मुक्याला दिली. चौथ्या दिशी बोल्ला. काय बोल्ला ठावं हाय? कुडाची मेढ हलते, बोल्ला. मी म्हनलं, मेढीशीच लगीन लावायचं व्हतंस!" मेढ म्हणजे घराचा खांब. कोंडू शेजारी बसून हसायचा. त्यांना एकच मुलगी, नम्रता. ती पुढे मुरबाडला कॉलेजात जाऊ लागली.

नामा हा कोंडूचा शेजारी. घराला घर आणि शेताला शेत लागून. दोघं एका वयाचे. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत सावड असते. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुमच्या. मजुरी कोणी देत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. लिहूनही कोणी ठेवत नाही. कोंडू आणि नामा यांची सावड त्यांच्या बापांपासूनची. पुढे नामाने पॉवर टिलर घेतला. मग तो एक दिवस कोंडूच्या शेतात चिखलणी करून द्यायचा आणि कोंडू त्याबदली त्याला दोन दिवस द्यायचा. नामा बोलका, थट्टेखोर. लग्नात जेवायला वाढायला उभा राहिला की पंगत उठायची नाही.

२०२१ च्या शेवटाला दोघं शेखर मुकादमाच्या टोळीत गेले. पडघ्याच्या बाजूला एका बांधकाम कंपनीचं मोठ्या गोदामाचं काम होतं. तिथे शिस्त फार. गळ्यात फोटोचा गेटपास, डोक्यावर हेल्मेट, फाटकावर नोंद. माणूस दोन दिवस आला नाही की पास बंद, मग पुन्हा सुरू करायला महिना. नामाचा पास झाला. कोंडूच्या आधार कार्डावर जन्माचं नुसतं साल होतं, तारीख नव्हती, म्हणून त्याचा अडला. शेखर म्हणाला, "बगू पुडच्या महिन्यात." तो महिना आला नाही. कोंडू दुसरीकडे सुटी कामं करायचा आणि टोळीतला कोणी आजारी पडला की त्याच्या पासवर आत जायचा. सगळी टोळी हे करत होती. फाटकावरचा पहारेकरी पासाचा रंग बघायचा. शेखरला डोकी भरून हवी असत. कोंडू आत आलेला त्याला उलट बरा वाटे, कारण त्याच्यासारखा टेका लावणारा टोळीत दुसरा नव्हता.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. माझ्या हजेरीपटावरही असं चालायचं. एक भाऊ आजारी तर दुसरा यायचा, बापाच्या जागी पोरगा. मी खूण करायचो. कालव्याची माती निघाली की झालं.

२०२२ च्या जुलैत कोंडूच्या भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, वाढून चाललं होतं. चिखलणी त्याच आठवड्यात व्हायला हवी होती. नामाकडे टिलर होता, पण त्याचा एक खाडा झालेला होता. दुसरा पडला असता तर पास बंद. तेव्हा दोघांनी सावड केली. नामाने दिवसभर कोंडूच्या शेतात चिखलणी करायची आणि कोंडूने त्या दिवशी नामाच्या पासवर साइटवर उभं राहायचं. त्यांच्या बापांनी बैलाचा दिवस आणि माणसाचा दिवस असाच बदलला होता. यांनी त्यात गेटपास धरला.

तो बुधवार होता. मी गोजाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, चष्मा आणायला मुरबाडला गेलो होतो. परत येताना कोंडूच्या शेताच्या बांधावरून चालत होतो. नामा गुडघाभर चिखलात टिलरमागे.

मी विचारलं, "काय रे नामा, आज सुट्टी?"

त्याने मशीन बंद केलं. "सुट्टी कसली, दादा! मी साइटवर हाय आज. हितं दिसतो तो माझा भूत. भुताला तंबाखू द्या जरा."

मी दिली. कडेला सकुबाई आवण खणत होती. ती वाकल्यावाकल्या ओरडली, "भुताला बोला, बांध फोडू नको! गेल्या साली जिता व्हता तवा फोडलान!"

तिघंही हसलो. मी घरी आलो, जेवलो. चारच्या सुमारास सकुबाई आमच्या दारात आली. चिखलाचे पाय तसेच. "दादा, चला. ह्याचा पाय गेला. कागदं वाचाया कोन तरी पायजे."

साइटवर काय झालं ते मला पुढे कोंडूनेच सांगितलं. एका कोपऱ्यात भरावाची नवी माती होती आणि ती पावसाने भिजली होती. त्याने टेका ठोकून पाहिला, आवाज पोकळ. तो वर जाऊन सुपरवायझरला म्हणाला, खाली माती हलते, आज ह्या कोपऱ्यात ओतू नका. सुपरवायझर म्हणाला, काँक्रीटची गाडी येऊन उभी आहे, ती परत जाते का? कोंडू मग खाली गेला, जास्तीचे दोन टेके द्यायला. तो एक टेका देत असतानाच वर ओतायला सुरुवात झाली. कोपरा सेंट्रिंगच्या सगळ्या लोखंडी प्लेटांसकट खाली आला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली सापडला. शेखरने त्याला आपल्या गाडीत घालून कल्याणच्या एका खासगी दवाखान्यात नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता. नामाही आला होता, चिखलातून तसाच. शेखरने आम्हा तिघांना जिन्यात नेलं.

"बाई, निवांत ऐका," तो सकुबाईला म्हणाला. "साइटवर कोंडूचं नावच नाय. फाटकातून आत नामा गेलाय. पोलीस आले तर पयला हा नामा आत जाईल, मग कोंडू, दुसऱ्याच्या पासवर घुसला म्हनून. अन कामच बंद पडंल, तीस घरं बसतील. दवाखान्याचा खर्च मी बगतो. आपन लिवू, शेतात टिलर उलाटला."

नामा भिंतीला टेकून उभा होता.

सकुबाईने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुमी सांगा. तुमी कागदातलं मानूस."

मी म्हणालो, "आधी पाय वाचू दे. कागदाचं मग बघू."

तिने शेखरच्या कागदावर अंगठा दिला. एकतीस वर्षं कचेरीत काढून मला माहीत होतं की कागदाचं मग कोणी बघत नाही. तरी मी ते बोललो, कारण जिन्यात गर्दी होत होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

पाय कापावा लागला नाही, पण उरलाही नाही. तीन वेळा चिरला, आत सळ्या घातल्या. आता तो अडीच इंच आखूड आहे, गुडघ्यात वळत नाही, पावलाला संवेदना नाही. चिखलात उभं राहता येत नाही आणि परांचीवर चढता येत नाही. पहिल्या ऑपरेशनचा खर्च शेखरने केला. त्यानंतर त्याचा फोन लागेना. पुढच्या दोन वेळांना सकुबाईच्या माहेरच्यांनी मदत केली.

त्या काळात नामाने जे केलं ते मी कमी करून सांगणार नाही. आठ महिने तो रोज सकाळी कोंडूला पाठीवर घेऊन संडासला न्यायचा. त्या वर्षीची कोंडूच्या शेताची लावणी, कापणी, झोडणी त्याने आपल्या घरच्या माणसांना घेऊन केली. कोंडूची दाढीसुद्धा तो करायचा आणि म्हणायचा, "हलू नको रे, नाय तर तुजं नाक जाईल अन ते पन शेतात पडलं म्हनून लिवावं लागंल."

कोंडूला भरपाईचा दावा करायला नम्रताने उभं केलं. तिने मुरबाडच्या अनिताताई वकिलांना गाठलं. अनिताताई घरी आल्या, सगळं ऐकलं, दवाखान्याचा कागद वाचला आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या.

"कागदावर कोंडू शेतात पडलाय," त्या म्हणाल्या. "फाटकावरच्या नोंदीत नामा साइटवर आहे. म्हणजे सगळी केस एकाच गोष्टीवर आहे. त्या दिवशी नामा कुठे होता? तो शेतात होता हे सिद्ध झालं, तर त्याच्या पासवर दुसरं कोणी तरी आत होतं हे मानावं लागेल. टोळीतले बाकीचे शेखरच्या हाताखाली आहेत, ते बोलणार नाहीत."

नामा तिथेच उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "बाई, मी सांगतो ना. मी हितंच व्हतो. ह्याच्या चिखलात. कोनच्या बी साहेबाला सांगंन."

"पास जाईल तुमचा."

"जाऊ दे गो, बाई. पाय गेला त्याच्यापुडं पासाचं काय."

मीही सांगितलं की मी त्याला त्या दिवशी बांधावरून पाहिलं आहे. अनिताताईंनी माझंही नाव लिहून घेतलं.

त्या गेल्यावर कोंडू मला म्हणाला, "पैशे भेटले तर चांगलंच. पोरीचं शिक्षान हाय. पन दादा, त्या कागदावर लिवलंय, शेतात पडला, टिलर उलाटला. मी टिलरला हात लावला हाय का कदी? अन टोळीत बोलतात, टेका कोंडूचाच सुटला. मी सांगितलं व्हतं त्याला. ओतू नको सांगितलं व्हतं. हे कुटं तरी लिवलं पायजे." एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो.

दावा दाखल झाला आणि तारखा सुरू झाल्या. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, तिथून ठाणे. कोंडू काठी घेऊन जायचा, नम्रता बरोबर. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आलेला नाही. असं दीड वर्ष गेलं.

या दीड वर्षात एक गोष्ट झाली. नामाचा मुलगा आदेश बारावी होऊन घरी बसलेला होता. त्याला त्याच कंपनीच्या दुसऱ्या साइटवर नोकरी लागली. कामगारांनी हेल्मेट घातलंय की नाही, पट्टा बांधलाय की नाही हे बघायची. पांढरं हेल्मेट, बूट, महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार. नामाने गावात पेढे वाटले. कोंडूला दोन दिले. कोंडूने खाल्ले आणि म्हणाला, "पोरगा मार्गी लागला, बरं झालं."

सकुबाईला तेव्हाच कळलं. ती गोजाला म्हणाली, "नामाभाऊजी महिना झाला तंबाखू मागाया नाय आलं. रोज याचं. मानूस मागाया यायचा बंद झाला म्हंजे त्याच्या खिशात दुसरं काय तरी आलं."

एक दिवस तिने त्याला नळावर गाठलंच. "भाऊजी, तारखेला येनार ना?"

"येनार म्हनलं ना, वयनी. कितींदा विचारशील?"

"तोंडाकडं बगून सांगा."

"हांडा भरला बग तुजा," असं म्हणून तो गेला.

कोंडूला तिने हे सांगितलं तेव्हा तो तिच्यावरच चिडला. "त्यानं मला पाठीवर न्हेलंय, सके. पाठीवर."

साक्षीच्या तारखेला आम्ही सकाळी साडेदहालाच ठाण्याला पोचलो. कोंडू, सकुबाई, नम्रता आणि मी. नामा आमच्याबरोबर आला नव्हता. आदेशबरोबर येतो म्हणाला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. कोंडू बसला आणि शेजारी त्याने आपली पिशवी ठेवली. कोणी बसायला आलं की तो म्हणायचा, "मानूस येनार हाय."

नामा आला तो शेखरच्या गाडीतून. नवा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. बरोबर आदेश आणि कंपनीचे वकील. कोंडूने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि हात वर केला.

"नामा! हितं ये रे. जागा ठेवली हाय."

नामाने ऐकलं. तो थांबला. आदेशने त्याच्या कोपराला हात लावला. मग ते समोरच्या भिंतीकडे गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले. कोंडूचा हात वरच होता. सकुबाईने तो धरून खाली घेतला.

नामा कंपनीचा साक्षीदार म्हणून आला होता. आत गेल्यावर त्याने शपथ घेतली आणि सांगितलं की त्या बुधवारी आपण साइटवर कामावर होतो, फाटकावरची सही आपलीच, संध्याकाळी घरी आल्यावर कोंडू शेतात पडल्याचं कळलं.

अनिताताईंनी विचारलं, "टिलर कोणाचा होता?"

"माजा. तो मागून न्हेयाचा."

"कोंडू टिलर चालवतो?"

"चालवतो."

"कधीपासून?"

नामाने नव्या शर्टाची बाही ओढली. मग म्हणाला, "पयल्यापासून."

मी मागच्या बाकावर होतो. कोंडू माझ्या पुढे. त्याची मान मला दिसत होती. ती जराही हलली नाही.

मग माझं नाव पुकारलं. अनिताताईंनी जे विचारलं ते मी बरोबर सांगितलं. शेत, बांध, टिलर, नामा. आवाज बारीक येत होता म्हणून साहेबांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. तिथपर्यंत ठीक होतं.

कंपनीचे वकील उठले. तरुण होते आणि माझ्याशी फार अदबीने बोलले.

"आजोबा, तुम्ही सरकारी खात्यात हजेरी लिहायचात ना?"

"हो. एकतीस वर्षं."

"ज्याच्या नावापुढे खूण केली तो प्रत्येक माणूस त्या दिवशी स्वतः आलेला असायचा?"

मला खोटं बोलता येईना. "नाही," मी म्हणालो. "कधी कधी एकाच्या जागी दुसरा यायचा."

"अस्सं. मग एखाद्या दिवशी नक्की कोण आलं होतं, आज सांगू शकाल?"

"नाही."

"तेव्हा तुम्ही तरुण होतात, रोज समोर हजेरीपट होता, तरी आठवत नाही. आणि सत्तरीत, बांधावरून जाताना पाहिलेला माणूस, तो वार, ती तारीख आठवते?"

मला आठवत होती. चष्म्याची पावती घरात होती. तंबाखू आठवत होती, आणि नामाचं ते भुताचं बोलणं शब्दाला शब्द आठवत होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण साहेबांसमोर भूत आणि तंबाखू काय सांगायची, लोक हसतील, असं वाटलं. नामा समोर उभा होता, खाली बघत. सगळे माझ्याकडे बघत होते. मला दवाखान्याचा जिना आठवला.

"घाई नाही, आजोबा," वकील म्हणाले. "तोच बुधवार होता हे खात्रीने सांगू शकता का? चूक झाली तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं होईल, म्हणून विचारतो."

मी म्हणालो, "खात्रीनं नाही सांगता येणार."

साहेबांनी ते टाइप करायला सांगितलं. अनिताताईंनी उठून पुन्हा काही विचारलं, मी काय उत्तर दिलं ते मला खरंच आठवत नाही. खाली उतरलो तेव्हा पायात चपला उलट्या घातल्या होत्या.

बाहेर आल्यावर कोंडू म्हणाला, "दादा, चाय घ्या. सकाळपासून काय खाल्लं नाय तुमी." सकुबाई म्हणाली, "वय झालं, व्हतं असं. त्या वकिलानं घोळात घेतलं दादांना." शिव्या दिल्या त्या सगळ्या नामाला. कल्याणच्या स्टँडवर, गाडीत, टोकावड्याला उतरून घरापर्यंत. "पाठीवर न्हेलं म्हनं! वजन बगत व्हता, कितीला इकलं जाईल!" कोंडू एकदाच बोलला. "पुरे कर, सके. गाडीत मानसं हायत."

घरी आल्यावर गोजाने विचारलं, "काय बोललात तिथं?" मी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवले.

"नामाला पोराची नोकरी होती," ती म्हणाली. "तुम्हाला काय होतं?"

मला कोणी पैसे दिले नव्हते, कोणी धमकावलं नव्हतं. वकील तर आजोबा म्हणत होते.

निकाल सात महिन्यांनी लागला. अर्ज फेटाळला. पुढे हायकोर्टात जाता येईल, पण साक्षी पुन्हा होत नाहीत, जे लिहिलं गेलं त्यावरच बघतात, असं अनिताताई म्हणाल्या. निकालाची प्रत त्यांनी नम्रताच्या हाती दिली.

दोन दिवसांनी कोंडू ती घेऊन माझ्याकडे आला. वरच्या आळीतून खाली, त्या पायाने, एकटा. गोजा विहारात गेली होती. मी त्याला खुर्ची दिली. तो खाली बसू शकत नाही.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

मला वाटलं, नम्रताने वाचला असेलच. पण मी चष्मा लावून सुरुवात केली. अर्जदार कोंडू अमुक, राहणार अमुक. गैरअर्जदार अमुक. अर्जदाराचं म्हणणं. दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे इजा शेतात झालेली. नामाची साक्ष, सगळी. कोंडू खिडकीबाहेर बघत ऐकत होता. पुढचा परिच्छेद माझा होता. माझं नाव, वय, सेवानिवृत्त. मी पान उलटलं आणि शेवटचा हुकूम वाचायला लागलो.

कोंडूने पुढे वाकून पान मागे उलटलं. त्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"ह्ये ऱ्हायलं."

तो सातवी शिकलेला आहे हे मी विसरलो होतो.

मी वाचलं. "सदर साक्षीदार हे घटनेचा वार व तारीख खात्रीपूर्वक सांगू शकत नाहीत. सबब त्यांची साक्ष अर्जदारास उपयोगी पडत नाही."

त्याने कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "दादा, खरंच ध्यानात नव्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. काठी घेऊन उभा राहिला. मी हात द्यायला गेलो, तर त्याने नको म्हणून मान हलवली.

"सकूला नका सांगू," तो दारातून म्हणाला. "ती समजते तुमी इसरलात. नामाचं एक झालं. आता तुमचं पन कळलं तर तिला कोन उरत नाय गावात."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. कोंडू मला टाळत नाही. वाटेत भेटला की थांबतो, गोजाची तब्येत विचारतो. टेक्यांबद्दल, कामाबद्दल काही बोलत नाही. दिवसा सगळे कामाला गेले की घराच्या पडवीत बसून लाकडी पोळपाट करतो, ते नम्रता मुरबाडला दुकानात देते. सकुबाई अजून आमच्याकडे येते. परवा काकड्या घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तुमी मनाला लावून घेऊ नका. इसरनं कोनाच्या हातात नाय."

सकुबाईला वाचता येत नाही. नम्रताला येतं. ती तिला हे वाचून दाखवील, असं धरूनच मी हे लिहिलं आहे.